उष्णी म्हणजे ऊब

१

माझ्या मुलीचं नाव सांगितलं की लोक हमखास दोनदा विचारतात. "काय म्हणालात? उष्मा?" मी म्हणते, "उष्मा नाही हो, उष्णी." "अर्थ काय?" "ऊब." मग ते "वा, वेगळंय" म्हणतात आणि खोकल्याचं औषध घेऊन जातात. कापूरहोळच्या फाट्यावर मी ज्या मेडिकलमध्ये काम करते तिथं हे दिवसातून एकदा तरी होतंच, कारण काउंटरच्या काचेखाली मी तिचा फोटो लावलाय. कुणी विचारलं नाही तर मीच विषय काढते. आईला एवढंही कौतुक नको का?

औषधाला दोन नावं असतात. एक खोक्यावर ठळक, कंपनीनं ठेवलेलं. दुसरं त्याच्याखाली बारीक अक्षरात, आत काय आहे ते सांगणारं. डी. फार्मला आम्हाला सुरुवातीलाच बजावलं होतं की ठळक नावाला भुलू नका, बारीक वाचा. माणसांच्या नावाला हा नियम लावून बघावा, हे मात्र मला सुचलं नाही.

माझा रोजचा क्रम ठरलेला. सकाळी उष्णीला पाजायचं, दिवसभरासाठी दूध काढून स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचं, तिला वन्संच्या मांडीवर द्यायचं आणि स्कूटीवर उत्रोलीतून निघायचं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, अमृतची, थोरली बहीण रत्ना. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेले, त्यामुळं सासू म्हणा, नणंद म्हणा, घरात मोठं माणूस त्या एकट्याच. त्यांच्या नवऱ्यानं दुसरी केली आणि त्या माहेरी परत आल्या, त्याला बरीच वर्षं झाली. अमृतला त्यांनीच वाढवलं. भाताची खाचरं त्याच बघतात, घरही त्याच चालवतात. अमृतचा टेम्पो आहे. तो भाजी घेऊन पुण्याला जातो आणि घरी फक्त जेवायला-झोपायला असतो.

दिवाळी झाली, भात झोडून घरात आलं, त्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी येऊन फ्रिज उघडला तर दुधाचा डबा सकाळी ठेवला तसाच. वरची साय हललीसुद्धा नव्हती.

"वन्सं, दूध पाजलं नाही?"

"मागितलंच न्हाई तिनं. प्वाट भरल्यालं आसलं की पोर कशाला मागतीया?"

"कशानं भरलं?"

"भरलं की. बघ कशी निजलीया."

उष्णी खरंच ढेकर दिलेल्या माणसासारखी निजली होती. तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी पांढरं वाळलेलं होतं. मी ते पदरानं पुसलं आणि स्वयंपाकाला लागले.

२

नाव मी ठेवलेलं नाही. आमच्याकडं तो मान आत्याचा. मी मनात दुसरं एक नाव ठरवून ठेवलं होतं, अमृतच्या कानावरही घातलं होतं. पण "आक्का ठेवंल ते" म्हणून त्यानं हात झटकले.

बारशाला वन्सं पाळण्यावर वाकल्या. बायकांनी त्यांच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, त्यांनी पोरीच्या कानात कुर्रर्र केलं, आणि ताठ होऊन म्हणाल्या, "उस्नी."

एक म्हातारी "आगं बाई!" म्हणाली आणि बाकीच्या घुगऱ्या खायला लागल्या.

आमच्या गावात कृष्णाचा क्रिस्ना होतो आणि उष्णतेची उस्नता. वन्संची जीभ मला पाठ होती. त्यांच्या तोंडून "उस्नी" बाहेर पडताच मी ते मनातल्या मनात दुरुस्त करून टाकलं: उष्णी. मोबाईलवर शोधलं तर असं नाव कुठंच नव्हतं. पण उष्ण म्हणजे गरम, तर उष्णी म्हणजे ऊब, इतकं मला कुणी सांगायला नको होतं. जन्माच्या दाखल्यावरही मी तसंच लिहून घेतलं. पोर वैशाखातली. अमृत म्हणाला, "उन्हाळ्यात झाली म्हणून व्हय?" आणि स्वतःच्याच विनोदावर खोखो हसला.

मला मात्र त्या दिवशी जळायला झालं. इतकं सुरेख, इतकं वेगळं नाव मला का सुचलं नाही? पोर माझी आणि नाव ह्यांचं. बायका वन्संनाच विचारत होत्या, "कुठनं काढलंस गं?" आणि वन्सं नुसत्या हसत होत्या. मी बाळंतीण कोपऱ्यातल्या खाटेवर टाके सांभाळत बसले होते. मला कुणी काही विचारलं नाही.

३

थंडी पडली तशी एक गोष्ट मला खुपायला लागली. उष्णी हाकेला वळत नव्हती. मी दारातून "उष्णी, ए उष्णी" करत यायचे, स्कूटीचा हॉर्न वाजवायचे. हॉर्नला ती वळायची, नावाला नाही. भोरला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तिच्या मागं चुटकी वाजवली, खुळखुळा वाजवला आणि कान उत्तम आहेत म्हणून सांगितलं.

कान उत्तमच होते. वन्सं मोरीत भांडी घासताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या की ही अंथरुणावर आख्खी गर्रकन फिरायची. काय पुटपुटतात ते मला ऐकू यायचं नाही. पण पोरीच्या तोंडावर जे हसू फुटायचं ते मला दिसायचं, आणि अंगाची लाही व्हायची. नऊ महिने ओझं मी वाहिलं, पोट माझं फाडलं, आणि हसू मोरीकडं! शेजारची नूतन एकदा चेष्टेत म्हणाली, "माय मरो पन मावशी उरो म्हनत्यात वैनी. तुमच्यात आत्या उरली." मी हसले. त्या दिवशी माझ्या तव्यावरची भाकरी करपली.

मग एका रविवारी दोरीवरचे कपडे काढताना वन्संचं ब्लाउज हातात आलं. पुढं दोन्ही बाजूंना दोन गोल डाग, खळ घातल्यासारखे कडक. मी इकडंतिकडं बघून ते नाकाला लावलं. बाळंतपणानंतर माझ्या कपड्यांना जो आंबूस-गोड वास यायचा तोच वास.

वन्संचं वय त्रेचाळीस. त्यांना दिवस गेले होते ते एकदाच, सासरी, आणि सहाव्या महिन्यात ते मूल पोटातच गेलं. पुन्हा कधी काही नाही.

मी तिथंच दोरीखाली उभी राहून कारणं शोधली. मला कारणं शोधता येतात, शिक्षणच ते आहे. मळमळीच्या साध्या गोळीनंही बाईला दूध येतं. मूल सतत छातीशी असलं तर गोळीशिवायही येऊ शकतं. पुस्तकात आहे, मी परीक्षेत लिहिलंय. आत जाऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, "वन्सं, कसली गोळी चालू आहे का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीया?" वन्सं म्हणाल्या.

माझं दूध मात्र त्याच महिन्यात आटायला लागलं. सकाळी डब्याचा तळ झाकला तरी मी नशीब समजायचे. वन्सं म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं, कशाला पिळतीस जिवाला? तिचं भागतंय." किती मायेनं म्हणाल्या! मला त्या मायेचाच राग आला.

४

संक्रांत जवळ आली होती. मला सुट्टी होती. उष्णीला मी ओट्यावर उन्हात घेऊन बसले होते आणि तिचं तोंड माझ्याकडं करून तिला नाव शिकवत होते. "कोण तू? उष्णी. कोण तू? उष्णी." ती माझ्या कानातलं ओढण्यात दंग होती. तेवढ्यात नूतन वाटी घेऊन आली.

"वैनी, आक्का हायेत का? परवा साखर न्हेली हुती उसनी, ती आनलीया."

उष्णीनं माझं कानातलं सोडलं आणि मान वळवली.

नूतनला वाटलं, पोर आपल्याला बघून हसतेय. तिनं गालगुच्चा घेतला. मी वाटीकडं बघत होते. मी विचारलं, "काय आणलंस म्हणालीस?"

"साखर की. उसनी न्हेल्याली."

पोर पुन्हा वळली. या वेळी दोन्ही हात वर करून.

वन्सं आतून पदराला हात पुसत आल्या. त्यांनी वाटी घेतली, हातात तोलली आणि म्हणाल्या, "वाईच जास्त घातलीस गं."

"उसनं फेडताना चिमूट जास्तच घालावं म्हनत्यात न्हवं, आक्का?"

"तर. कमी घालून कसं भागंल?" वन्सं हे म्हणाल्या तेव्हा त्यांची नजर नूतनकडं नव्हती, माझ्याकडं होती. मग त्या वाटी घेऊन आत गेल्या.

५

उष्णी नाही. उसनी. वन्सं पहिल्या दिवसापासून बरोबर बोलत होत्या आणि मीच शहाणपणा करून त्यांना दुरुस्त करत होते.

आता मला तो शुक्रवार आठवला. श्रावणातला. तेव्हा मला मूल नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या खाऊन खाऊन मी कंटाळले होते. वन्संची देवळात कुणीतरी ओटी भरली होती. त्या घरी आल्या त्या थेट स्वयंपाकघरात, पदराची खोळ तशीच धरून. मी चहा ठेवत होते.

"पदर म्होरं कर," त्या म्हणाल्या.

मी केला. त्यांनी आपल्या पदरातले तांदूळ, नारळ, खण सगळं माझ्या पदरात ओतलं. "हे उसनं घे. माझ्याकडं नुसतं पडून हाय."

मी हसले होते. म्हटलं, "बरं, मग परत कधी करू?"

"मागंन तवा."

पुढच्याच महिन्यात मला दिवस गेले. श्रेय मी गोळ्यांना दिलं. आजही देते. गोळ्यांचं काम गोळ्या करतात, तांदूळ भातापुरते. असं मी स्वतःला तीन-तीनदा सांगितलं. पण मागायचं म्हणजे आणखी काय करायचं असतं? दिवसातून शंभरदा त्या पोरीला हाक मारत होत्या. दर हाकेला मागतच होत्या की.

साखरेच्या त्या वाटीनंतर दोनच दिवसांनी हायवेच्या कामात फाट्यावरची वीज गेली आणि मालकांनी दुकान लवकर बंद केलं. मी भर दुपारी घरी आले. पुढच्या दाराला आतून कडी होती, म्हणून परसदारानं गेले. घरात नव्या तांदळाचा वास कोंडला होता. मधल्या खोलीच्या दारातून मला वन्संची पाठ दिसली. भिंतीकडं तोंड करून, एक पाय दुमडून बसल्या होत्या. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. पदराखालून एक बारकं पाऊल बाहेर आलं होतं आणि त्याची बोटं मिटत होती, उघडत होती.

आणि आवाज येत होता. गुटूक. जरा थांबून पुन्हा गुटूक. पोटभर दूध असलं की मूल तसं गिळतं. माझ्याकडं ती कधी तशी प्यायली नव्हती. माझ्याकडं चोखायची, रडायची, पुन्हा चोखायची.

मला ओरडायचं होतं. त्याआधी मनात काय आलं ते सांगते: इतकं दूध मला का नाही? मी चपला हातात घेऊन तशीच मागं फिरले आणि अंधार पडेपर्यंत नीरेच्या पुलाजवळ स्कूटीवर बसून राहिले.

६

अमृतला सांगितलं. तो टेम्पोत क्रेट चढवत होता. "आक्का पाजती? आक्का?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मलाच लाज वाटली. "जळतीस तू तिच्यावर. सरळ सांग की. पोर सांभाळायला फुकट मानूस मिळालंय, तर ह्यो थाट."

"जळते," मी म्हणाले. "पण डोळ्यांनी बघितलं ते बघितलं."

दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना हात पोटावरून खाली गेला. सिझरची रेघ तिथं आडवी, जाडसर होती. थंडीत खाजायची. आज ती बोटांना सापडेना. साबण जास्त झाला असेल म्हणून दोन तांबे पाणी ओतलं. पुन्हा चाचपलं. कातडी सपाट होती, लग्नाआधी होती तशी. व्रण फिका पडतो, जात नाही. आठ-नऊ महिन्यांत तर नाहीच. मी तोंडावर टॉवेल दाबून तिथंच बसले.

बाहेर आले तर वन्सं नळावरून कळशी आणत होत्या. उंबऱ्याशी थांबून त्यांनी डावा हात ओटीपोटावर दाबून धरला आणि मग पाय उचलला. मी सहा महिने असाच उंबरा ओलांडत होते.

"काय झालं वन्सं?"

"टाका वढतोय थंडीचा."

"कसला टाका?"

त्या नुसत्या बघत राहिल्या, वेडगळ माणसाकडं बघतात तशा, आणि कळशी घेऊन आत गेल्या.

अमृत दाढी करत होता. मी त्याच्या मागं उभी राहून विचारलं, "आक्काचं कधी ऑपरेशन झालं होतं का?"

"पोरीच्या येळचंच की," तो गालावर वस्तरा फिरवत म्हणाला. मग वस्तरा थांबला. आरशातून त्यानं माझ्याकडं बघितलं. "म्हंजे... तुझं म्हनतोय मी. काय विचारलंस तू?"

त्यानं तोंड धुतलं आणि टेम्पो घेऊन निघून गेला.

७

मी दुकानात रजा सांगितली, चार कपडे पिशवीत कोंबले आणि पोरीला घेऊन माहेरी निघाले. माझं माहेर वेल्ह्याला. वन्संनी अडवलं नाही. "कानटोपी घाल तिला, वर लई गार आसतंय," इतकंच म्हणाल्या. कापूरहोळला एसटीतून उतरून पुढच्या गाडीत बसले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. बाजूच्या बाईनं नाव विचारलं. मी म्हणाले, "अजून ठेवलं नाही." खरंच तसं ठरवलं होतं. आईच्या घरी पुन्हा बारसं करायचं, कानात नवं नाव सांगायचं, आणि या वेळी ते मीच सांगायचं. रीत गेली खड्ड्यात.

आई, चंद्राबाई, अंगणात शेंगा निवडत होती. माझ्या बाळंतपणात ही रात्रंदिवस माझ्या उशाशी बसून होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. मग तिनं पोरीची हनुवटी धरली.

"रत्नाबाईंची पोर न्हवं ही? आन् तिची आई कुठंय? येवढ्याशा जिवाला आईबिगर घिऊन आलीस व्हय?"

"आई, चेष्टा नको गं."

"चेष्टा कशाची?" तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले होते. "मला काय समजत न्हाई? दुसऱ्याचं लेकरू कडंवर घिऊन फिरतीस. तुलाबी देव दील. धीर धर."

आईला रक्तदाबाची गोळी आहे. मी आत जाऊन डबी बघितली. गोळ्या वेळेवर घेतलेल्या होत्या. मोबाईल हातात घेतला. दवाखान्यातले फोटो त्यात होते, मी खाटेवर, माझ्या कुशीत पोर. उघडून दाखवायचं एवढंच. पण खाटेवर कोण असेल याची मला खात्री वाटेना, आणि मी तो उशीखाली ठेवून दिला.

दुपारच्या एसटीनं वन्सं आल्या. अंगणाच्या पायरीशी पोट धरून थांबल्या, सावकाश चढल्या. आईनं लगबगीनं पाणी दिलं, पाट दिला. "बसा बाई, बसा. पोर गुनाची हाय हां तुमची, रडली न्हाई."

मी पोरीला छातीशी आवळून भिंतीला टेकून बसले होते. वन्संनी हिसकावली असती तर मी केस धरून भांडले असते. त्यांनी हातसुद्धा पुढं केला नाही.

"ऱ्हाऊ दे की आजून दोन दिस तिच्याकडं," त्या आईला म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, अगदी मवाळ आवाजात, "तुझाबी जीव लागलाय तिच्यावर, अश्विने. मला काय कळत न्हाई व्हय?"

पोर माझ्या मांडीवर होती, पण तोंड तिकडं. वन्संच्या तोंडावरून तिची नजर हलत नव्हती. आनंदानं तिचं अख्खं अंग थरथरत होतं. तसं माझ्याकडं तिनं आजवर एकदाही बघितलं नव्हतं. एकदाही नाही. मला दुसरं काही नको होतं त्या क्षणी, घर नको, नवरा नको. फक्त तिनं एकदा माझ्याकडं तसं बघावं.

"उष्णी," मी हाक मारली. "उष्णी, इकडं बघ. ए बाळा. उष्णी."

मान हलली नाही.

वन्सं पदर मांडीवर पसरून बसल्या होत्या. त्यांना घाई नव्हती. मला ते कळत होतं, हाक कसली आहे तेही कळत होतं, आणि तरी माझ्या तोंडून ती गेली.

"उसने."

पोर वळली. पुरती वळली, माझ्या खांद्याला धरून उभी राहिली, आणि माझं तोंड आपल्या दोन्ही तळहातांत घेऊन तिनं माझ्याकडं डोळे भरून बघितलं. अगदी तसंच. मग ती हसली आणि स्पष्ट, सावकाश म्हणाली, "मामी."

"आगं बया!" आई कौतुकानं म्हणाली. "बघ कसं वळखलं तुला."